खोट्या रस्त्यावरचं खरं आभाळ

गुरुवारी रात्री आठ वाजता मेक्सिकोत ऋतू बदलतो.

हा मेक्सिको ‘फोर्झा होरायझन ५’ या गेममधला. इथे दर आठवड्याला एक ऋतू येतो आणि चार आठवड्यांत वर्ष संपतं. बुधवारी ज्या कच्च्या वाटेवर मागे धुळीचा लोट उठत होता, तिथे शुक्रवारी डबकी साचलेली असतात आणि चाक पडलं की चिखल काचेपर्यंत उडतो. जगभरच्या खेळाडूंसाठी हा बदल एकाच क्षणी होतो. रात्रीचे आठ ही फक्त आपल्या घड्याळातली वेळ.

सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘नीड फॉर स्पीड’ खेळलेल्या पिढीला रेसिंग म्हणजे ठरलेला रस्ता आणि त्याला दोन्हीकडून भिंत, एवढंच ठाऊक. इथे भिंत नाही. रस्त्याचा कंटाळा आला की कुंपण तोडून शेतात घुसायचं, तिथून नदीत, नदीतून जंगलात, आणि मनात आलं तर थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी. शर्यती वाटेत भेटत राहतात; लावायच्या तर लावा, नाहीतर हॉर्न वाजवून पुढे जा. इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा गावातल्या प्लेग्राउंड गेम्स या कंपनीने हा गेम केला आणि ९ नोव्हेंबर २०२१ रोजी तो बाजारात आला. त्याआधी याच मालिकेने कोलोरॅडो, फ्रान्स-इटलीचा किनारा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन पालथे घातले होते. गाड्या पाचशेच्या वर आहेत, पण मला गाड्यांपेक्षा जास्त वेड लावलं ते या गेमच्या लबाडीने. तो कुठे खरं बोलतो आणि कुठे बेमालूम थाप मारतो, हे शोधण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या.

आभाळ खरं आहे. ते कुणी चित्रकाराने रंगवलेलं नाही. प्रत्यक्ष मेक्सिकोत कॅमेरे लावून, दिवस-रात्र ढगांची हालचाल टिपून, बारा-के रिझोल्यूशनच्या बारकाईने ते गेममध्ये आणलंय. उन्हाचा रंगही त्याच आभाळातून येतो. म्हणूनच संध्याकाळी गाडी नुसती उभी केली, तरी बॉनेटवर ढग सरकताना दिसतात आणि शर्यत राहते बाजूला.

अंतर मात्र धादांत खोटं. ग्वानाह्वातो हे डोंगरातलं जुनं चांदीच्या खाणींचं शहर आणि तुलुम हे कॅरिबियन किनाऱ्यावरचं माया लोकांचं ठिकाण, यांच्यात प्रत्यक्षात हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. गेममध्ये चहा निवायच्या आत पोहोचता येतं. वाटेत वाळवंट लागतं, दलदल लागते, तेओतिवाकानचे पिरॅमिडही लागतात. अख्खा देश घडी घालून खिशात बसवलाय, आणि घडीची रेघ मात्र कुठे दिसत नाही.

ती का दिसत नाही, याचं गणित थक्क करणारं आहे. ताशी ३६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटत असतील, तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात गाडी सुमारे १.७ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात, सेकंदाच्या साठाव्या भागात, समोरचं जग नव्याने मांडायचं असतं. मग गेम काटकसर करतो. लांबचा डोंगर ओबडधोबड ठेवतो, जवळचं निवडुंग काट्यांसकट दाखवतो, आणि आपण जवळ जात असताना ओबडधोबड वस्तूच्या जागी हळूच रेखीव वस्तू ठेवतो. नाटकात अंधार करून नेपथ्य बदलतात. इथे भर उजेडात, प्रेक्षक धावत असताना बदलतात.

आता टायर; इथे गेम पुन्हा खरं बोलतो. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. त्यातूनच ब्रेकचा खर्च भागवायचा आणि त्यातूनच वळणाचा. सगळा पगार ब्रेकवर उडवला तर वळायला शिल्लक काही नाही. ब्रेक लॉक होऊ न देणारी एबीएसची मदत सेटिंगमध्ये बंद करा आणि पावसात वळणावर ब्रेक दाबून धरा. स्टीअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी नाकासमोर सरळ जाते, आडव्या आलेल्या दगडी कठड्यापर्यंत. वळणाआधीच ब्रेक मारून पाय उचलायचा, हे कुठल्याही मोटार ट्रेनिंग स्कूलपेक्षा मला त्या कठड्याने नीट शिकवलं.

कठडा मात्र फुटतो. निवडुंग आडवं होतं, कुंपण उडतं, आणि मोठं झाड जागचं हलत नाही. काय तुटावं, काय तुटू नये आणि कोणाला कधीच लागू नये, हे कुणीतरी बसून ठरवलंय. माणूस तर कधीच चाकाखाली येत नाही.

आपटलात की कंट्रोलरवरचं वाय बटण दाबा. काळ मागे सरकतो: फुटलेली काच सांधते, गाडी दरीतून वर येऊन रस्त्यावर टेकते. गेम मागच्या काही क्षणांची नोंद ठेवतच असतो, गाडी कुठे होती, किती वेगात होती, कोणत्या दिशेला होती. बटण दाबलं की ती पानं उलटी चाळली जातात. पण शर्यतीत ही सोय एकट्याने खेळतानाच. ऑनलाइन शर्यतीत बाकीची खरी माणसं असतात आणि त्यांचा काळ तुमच्या बटणावर मागे फिरत नाही.

एकट्याच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी तरी पूर्ण यंत्र असतात का? नाही. त्यांना ड्रायव्हटार म्हणतात. तुम्ही ब्रेक कधी मारता, वळण कसं घेता, हे बघून गेम तुमची एक नक्कल तयार करतो आणि तुमच्या मित्राच्या शर्यतीत तुमच्याच नावाने सोडतो. तुम्ही घोरत पडलेले असता आणि तिकडे तुमच्या नावाने कुणीतरी मित्राला कट मारत असतं. सकाळी शिव्या तुम्ही खायच्या.

या सगळ्या झगमगाटात एक बुटकी, गोल पाठीची गाडी आहे: जुनी फोक्सवॅगन बीटल. मेक्सिकोत तिला लाडाने ‘व्होचो’ म्हणतात. जगात सगळीकडे बंद पडल्यावरही ती तिथल्या पुएब्ला शहरात बनत राहिली आणि शेवटची ३० जुलै २००३ रोजी कारखान्याबाहेर पडली. गेममध्ये तिच्या नावाची एक वेगळी गोष्टच आहे. परदेशातून आलेल्या कंपनीने मेक्सिको नीट पाहिला, याचा मला हा आभाळापेक्षाही मोठा पुरावा वाटतो.

म्हणून पहिल्यांदा खेळाल तेव्हा कोट्यवधींच्या सुपरकारच्या मागे लागू नका. व्होचो घ्या, रेडिओ बंद करा आणि ग्वानाह्वातोच्या भुयारांत शिरा. पूर्वी शहरातल्या नदीचं पाणी वळवायला खणलेल्या आणि आज वाहतुकीच्या झालेल्या खऱ्या भुयारांची ती नक्कल आहे. काच खाली करायची सोय नाही, पण इंजिनाचा फटफटाट दगडी भिंतींवर आपटून परत येताना नीट ऐका.