भरलेले दिवस : शहापूर-मुरबाड भागातील प्रसूतिपूर्व निर्णयांची भाषा

१. विषयाची मांडणी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्तीचा मोठा भाग याच दोन तालुक्यांत राहिला. कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व वारली या जमाती येथे नांदतात. गाव म्हणजे एक गावठाण आणि त्यापासून दूर विखुरलेले पाडे व वाड्या, अशी येथील वस्तीची ठेवण आहे. पाड्यावरून रस्त्यापर्यंत, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत, पुढे शहापूरच्या किंवा मुरबाडच्या शासकीय रुग्णालयापर्यंत आणि प्रकृती बिकट झाल्यास उल्हासनगर अथवा ठाणे येथपर्यंत, असा गर्भवतीच्या प्रवासाचा क्रम असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. म्हणजे ‘घर की दवाखाना’ हा जुना प्रश्न बहुतेक कुटुंबांपुरता सुटला आहे. आता प्रश्न उरतो तो केव्हा निघावयाचे, कोठे जावयाचे, कोणाबरोबर आणि कोणाच्या शब्दावर, हा. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूच्या कारणांची मीमांसा करताना तीन विलंब वेगळे केले : निर्णयाचा विलंब, पोहोचण्याचा विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा विलंब. दुसऱ्या व तिसऱ्या विलंबाचा विचार रस्ते, वाहने व वैद्यक यांच्या अभ्यासकांनी करावयाचा आहे. पहिला विलंब मात्र बऱ्याच अंशी भाषेत घडतो, आणि म्हणून तो आपल्या शास्त्राच्या कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत घरची भाषा व नोंदवहीची भाषा एकाच गोष्टीविषयी बोलत असल्या तरी त्यांची मोजमापे निराळी असतात. दोघींनाही आपण एकमेकींना समजलो असे वाटते. आणि या वाटण्यातच धोका असतो.

२. महिन्यांची मोजणी

नोंदवही आठवड्यांत बोलते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस हा आरंभ मानून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, ही प्रसूतीची अपेक्षित मर्यादा धरली जाते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. घर मात्र महिन्यांत बोलते. आणि मराठीत ‘महिना’ या शब्दाबरोबर येणारे क्रियापद अर्थदृष्ट्या फार महत्त्वाचे असते. ‘नववा लागला’ व ‘नववा सरला’ यांत एका महिन्याचे अंतर आहे. ‘नववा आहे’ एवढेच म्हटले तर हे अंतर लोपते.

इंग्रजी महिन्यांनी हिशेब केला तर नववा लागतो तेव्हा सुमारे २४३ दिवस, म्हणजे जवळजवळ ३५ आठवडे झालेले असतात. तो सरतो तेव्हा २७४ दिवस, म्हणजे ३९ आठवडे होऊन गेलेले असतात. मूल पुऱ्या दिवसांचे की अपुऱ्या दिवसांचे हे ठरविणारी ३७ आठवड्यांची रेषा या ‘नवव्या’च्या पोटातच आहे. तिथीच्या महिन्यांनी मोजल्यास दोन्ही आकडे आणखी आठवडाभर अलीकडे सरकतात. याउलट कित्येक स्त्रिया ‘दिवस गेल्या’पासून, म्हणजे पाळी चुकली त्या वेळेपासून मोजतात. तेव्हा सुमारे चार आठवडे अधिक धरावे लागतात आणि ‘नववा लागला’ याचा अर्थ ३९ आठवड्यांजवळ जातो. तात्पर्य, ‘नववा’ हा एकच शब्द ३४ पासून ४३ पर्यंतच्या कोणत्याही आठवड्याचा वाचक होऊ शकतो.

यावरून घरची मोजणी अडाणी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही परंपरागत मुदत पाहा. नेगेल या जर्मन प्रसूतिवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावयास सांगतो. इंग्रजी महिन्यांनी पाहता दोहोंत केवळ दोन दिवसांचा फरक आहे. अर्थात नेमक्या अपेक्षित दिवशी फारच थोडी मुले जन्मतात. तारीख ही मर्यादेची खूण असते, मुहूर्त नव्हे.

चांद्रमासांनी हिशेब केल्यास २८० दिवस म्हणजे साडेनऊ महिने होतात. एखाद्या पौर्णिमेस पाळी आली असेल तर तेथून दहाव्या अमावास्येच्या सुमारास दिवस भरतात, आणि अमावास्येस आली असेल तर दहाव्या पौर्णिमेस. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जत्रा पौष पौर्णिमेस भरते व ती सर्वांच्या स्मरणात असते. २०२५ साली ही पौर्णिमा १३ जानेवारीस होती. तीत २८० दिवस मिळविल्यास २० ऑक्टोबर, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीची अमावास्या येते. २०२६ साली पौष पौर्णिमा ३ जानेवारीस होती व मध्ये अधिक ज्येष्ठ आला. तेव्हा तोच हिशेब १० ऑक्टोबरवर, सर्वपित्री अमावास्येवर जातो. ‘म्हशाच्या जत्रेला पाळी आली, म्हणजे दिवाळीला बाळंतपण’ हे समीकरण एका वर्षी बरोबर व दुसऱ्या वर्षी जवळजवळ महिन्याने चूक ठरते. अमावास्या मोजणारी आजी मात्र दोन्ही वर्षी बरोबर ठरते. क्षेत्रकार्यकर्त्याने ‘तारीख सांगा’ असे विचारण्याऐवजी शिमगा, पेरणी, आवणी, गौरी-गणपती, कापणी या खुणांच्या आधाराने विचारून मग पंचांगावरून तारीख काढावी, याचे कारण हे आहे.

आठव्या महिन्याविषयीची समजूत येथेच नोंदविली पाहिजे. सातव्यात झालेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे सर्वत्र ऐकू येते. ही समजूत केवळ ग्रामीण नव्हे. आठव्या महिन्यात ओज आई व गर्भ यांच्यात अस्थिर असते असे चरकसंहितेत सांगितले आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्यकात आठमाशी मुलावर स्वतंत्र ग्रंथ आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे : गर्भ जितके अधिक दिवस पोटात वाढतो तितकी, पुरे दिवस भरेपर्यंत, त्याची जगण्याची शक्यता वाढते. या समजुतीचा परिणाम असा होतो की अनेक घरांत आठव्यात स्त्रीला हलवीत नाहीत, आणि त्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर मुलाविषयीची आशा आधीच सोडली जाते. ज्या मुलाला वेळीच हलविल्याने वाचविता आले असते, त्याच्या बाबतीत ही समजूत स्वतःलाच खरे ठरविते.

३. वाट पाहण्याची क्रियापदे

मराठीत स्त्री ‘बाळंत होते’. हे क्रियापद अकर्मक आहे. ‘बाळंतपण करणे’ हे सकर्मक क्रियापद दुसऱ्याच कोणाला तरी कर्तेपण देते : आई लेकीचे बाळंतपण करते, सुईण करते, डॉक्टर करतात. स्त्रीला ‘दाखवितात’, ‘नेतात’, ‘ठेवून घेतात’. ती ‘अडते’ आणि नंतर ‘मोकळी होते’ किंवा तिची ‘सुटका होते’. या सर्व वाक्यांत ती कर्म आहे किंवा अवस्थेची धनीण आहे. निर्णयाची कर्ती ती क्वचितच असते. भाषेवरून समाजस्थितीचे थेट अनुमान करू नये हे खरे; तथापि कुटुंबात ठराव होतो तो याच क्रियापदांत, हेही विसरता येत नाही.

हा ठराव बहुधा पुढील रूपात ऐकू येतो : ‘कळा सुरू झाल्या की नेऊ.’ यातील ‘की’ हे अव्यय निर्णयाची खूण ठरविते. अशी योजना विचारहीन नसते. मागे राहणारी लहान मुले, बुडणारा रोज, आवणीचे दिवस, गाडीभाडे, यांचा हिशेब तिच्यामागे असतो. खोट्या कळांत एकदा दवाखान्यात जाऊन ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठविले गेलेले कुटुंब पुढच्या खेपेस अधिक थांबते, हेही स्वाभाविक आहे. ‘आधीची दोन घरीच सुखरूप झाली’ हा युक्तिवाद अनुभवावर आधारलेला असतो.

परंतु या योजनेत एक दोष आहे. पहिल्या खेपेस कळांना बराच वेळ लागतो. पुढच्या खेपांत तो सामान्यतः कमी होतो. जिचा अनुभव मोठा तिचा अवधी थोडा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, गाडी पाड्यापर्यंत आली नाही आणि स्त्रीला झोळीतून रस्त्यावर आणावे लागले, तर हा अवधी वाटेतच संपतो. शिवाय रक्तस्राव किंवा आकडी यांसारख्या प्रसंगी हाती उरणारे काही तासही पुरत नाहीत.

पर्यायी वाक्य आहे : ‘तारखेच्या आठ दिवस आधी जाऊ.’ यात खूण कळांची नसून दिवसाची आहे. मात्र हे वाक्य तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा तारीख बरोबर काढलेली असते. दुसऱ्या भागातील मोजणीचा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही, तो असा.

४. धोक्याचे शब्द

माता व बाल संरक्षण कार्डावर धोक्याची लक्षणे छापलेली असतात. छापील शब्द व बोलीतील शब्द यांत पुढील ठिकाणी विशेष संदिग्धता आढळते.

‘अंगावर जाणे’ किंवा ‘अंगावरून जाणे’ हा प्रयोग पांढऱ्या स्रावाला व रक्ताला सारखाच लागू पडतो. लाजेमुळे रंग सांगितला जात नाही. अखेरच्या महिन्यांत रक्त जाणे, मग ते दुखल्याशिवाय का असेना, हे तत्काळ निघण्याचे कारण आहे. म्हणून रंग विचारलाच पाहिजे.

‘बाळ फिरत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, बाळाची हालचाल मंदावली आहे; दुसरा, बाळ अजून डोक्याकडून खाली वळलेले नाही. पहिल्या अर्थी त्याच दिवशी तपासणी हवी. दुसऱ्या अर्थी प्रसूती कोठे करावयाची याचा फेरविचार हवा. ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला आणि बोलणारीच्या मनात पहिला असला, तर अनर्थ होऊ शकतो.

‘पाय सुजणे’ हे नवव्या महिन्याचे साधे लक्षण म्हणून सोडून देतात. त्याबरोबर डोके ठणकणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे असेल तर रक्तदाब वाढल्याचा संशय धरावा लागतो. पुढे येणाऱ्या झटक्यांस ‘आकडी’ म्हणतात. काही घरांत ते ‘बाहेरचे’ समजले जाते आणि मग पहिली धाव भगताकडे जाते.

सर्वांत बोधप्रद शब्द ‘अडणे’ हा होय. घरच्या शब्दसंग्रहात संकटाचे हे मुख्य नाव आहे. परंतु ते संकट घडून गेल्यावरच देता येते. अडण्यापूर्वीच्या अवस्थेला नाव नाही. दोन कळांमधील अंतर, कळा सुरू होऊन लोटलेला वेळ, ‘पाणमोट फुटून किती वेळ झाला’ हे प्रश्न त्या अनाम अवस्थेविषयीचे आहेत, आणि म्हणून ते शिकवावे लागतात.

५. जागा आणि सही

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या भागातही आहे. तिच्यामुळे नोंदणी सासरच्या उपकेंद्रात व प्रसूती माहेरच्या हद्दीत असा प्रकार घडतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत तर माहेर व सासर दोन्ही मागे राहतात. दोन्ही प्रसंगी कार्ड बरोबर असणे व नव्या जागेच्या आशाताईला पोहोचताच कळविणे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांत दिवस भरत आलेल्या स्त्रीने आधीच येऊन राहावे यासाठी शासनाने जी सोय केली तिला ‘माहेरघर’ हे नाव दिले आहे. नाव देणाऱ्याने घरच्या भाषेचे बळ ओळखले होते, असे म्हणावे लागेल.

शस्त्रक्रियेविषयी ‘सिझर की नॉर्मल’ असा वाद घातला जातो. डोक्यावरून पाण्याचे हंडे आणणाऱ्या स्त्रीच्या घरी टाक्यांची चिंता वाजवी आहे. परंतु आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : गरज पडलीच तर शस्त्रक्रिया व रक्त दोन्ही कोठे मिळतील, आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून शासकीय संस्थांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व जाण्या-येण्याचे वाहन ही विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. १०२ व १०८ हे क्रमांक त्यासाठी आहेत.

‘सही कोण करणार?’ या प्रश्नापाशी पुष्कळदा वेळ जातो. नवरा कामावर असतो, सासरा गावात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सज्ञान व सावध रुग्णाची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे, तिच्याऐवजी नातेवाइकाने दिलेली चालत नाही, असा निर्णय दिला. ही गोष्ट सातव्या-आठव्या महिन्यातच घरात बोलली गेली, तर ऐन वेळी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

६. निष्कर्ष

ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडाने (१९०५) ठाकरी, वारली व कातकरी या बोली मराठीच्या कक्षेत नोंदविल्या. त्या बोलणाऱ्या स्त्रीला कार्डावरील ‘रक्तस्राव’ व ‘अपेक्षित प्रसूती दिनांक’ हे शब्द परभाषेइतकेच दूरचे असतात, हे मात्र त्या वर्गीकरणावरून कळत नाही. या तालुक्यांत शब्दसंग्रहासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गरोदरपणाचे शब्द केवळ कोशासाठी टिपू नयेत. प्रत्येक शब्द कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत लागू पडतो आणि तो ऐकल्यावर घरातील माणसे काय करतात, हे त्याच्यापुढे लिहावे. ‘लागला की सरला’, ‘पाळीपासून की चुकल्यापासून’, ‘पांढरे की लाल’, ‘हलत नाही की वळले नाही’ हे चार प्रश्न परिचारिकेच्या व आशाताईच्या हाती अशा नोंदींतूनच द्यावयाचे आहेत. ते विचारण्यास एक मिनिटही पुरते, आणि त्यांच्या उत्तरांवर निघण्याचा दिवस ठरतो.