रिपोर्ट दोन, आजार एकच

“डॉक्टरसाहेब, पोराला दोन आजार आहेत का?” ओपीडीत एका शेतकऱ्याने दोन रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. मुलाच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं, शस्त्रक्रिया ठरलेली होती. जुन्या रिपोर्टात ‘टपल-१ प्रोबचा एकच ठिपका’ असं होतं. नव्यात ‘२२क्यू११.२ डिलीशन’ आणि पुढे लांबलचक आकडे. केसपेपरवरही कुणीतरी दोन निदानं लिहून ठेवली होती.

“आजार एकच आहे, दादा. शेताला गावात एक नाव असतं, सातबाऱ्यावर गट नंबर असतो. तसंच हे.”

पत्ता वाचणं सोपं आहे. २२ हा गुणसूत्राचा क्रमांक. गुणसूत्राला कंबरेसारखा एक अरुंद भाग असतो. त्याच्या एका बाजूची आखूड भुजा ‘पी’, दुसरीकडची लांब भुजा ‘क्यू’. रंग दिल्यावर भुजांवर गडद-फिकट पट्टे दिसतात. ते कंबरेपासून बाहेरच्या दिशेने मोजतात. म्हणून ११.२ म्हणजे ‘अकरा’ नव्हे. पहिला विभाग, पहिला पट्टा, त्यातला दुसरा उपपट्टा. ही पद्धत १९७१ च्या पॅरिस परिषदेत ठरली.

प्रोब म्हणजे चमकणारा रंग लावलेला डीएनएचा तुकडा. आपल्या जोडीचा भाग सापडला की तो तिथेच चिकटतो. गुणसूत्रं जोडीने असतात, म्हणून ठिपके दोन हवेत. एकच दिसला, तर एका गुणसूत्रावरचा तो भाग गळाला आहे. टपल-१ या जनुकाचं आजचं नाव ‘हायरा’, पत्ता २२क्यू११.२ च. नव्या मायक्रोअॅरे चाचणीत असे असंख्य प्रोब असतात. प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो आणि संगणक तो पट्ट्याशी जोडतो. ते लांबलचक आकडे २००९ च्या जनुक-नकाशावरून मोजले की २०१३ च्या, यावर बदलतात. सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला, तरी जमीन जागची हलत नाही.

पत्ता जुळवायचा कशासाठी? या मुलांच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात. थायमस ग्रंथी लहान असेल तर प्रतिकारशक्ती कमी असते. जिवंत जंतूंच्या लशी त्याआधी तपासणी करूनच द्याव्या लागतात. शस्त्रक्रियेत रक्त लागलं, तर ते किरणांची प्रक्रिया केलेलं असावं. नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. टाळूतला दोष आणि उशिरा येणारं बोलणं, याकडेही लक्ष हवं.

आईवडिलांचीही तपासणी करावी. दहांपैकी सुमारे नऊ मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. पण आई किंवा वडिलांत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळात येण्याची शक्यता निम्मी.

तेव्हा जुना रिपोर्ट फेकू नका. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

केसपेपरवरच्या दोन निदानांपैकी एक मी खोडलं आणि त्याखाली लिहिलं : शस्त्रक्रियेआधी कॅल्शियम तपासा.