जमिनीखालची नळी आणि कपाटातला कागद

आज आम्ही बोलणार आहोत नोंदींबद्दल. पण बचत गटाच्या वहीतल्या नोंदींबद्दल नाही, तर जमिनीखालून गॅस नेणाऱ्या मोठ्या पाइपलाइनच्या नोंदींबद्दल. हा विषय आपला कसा, असं वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच ठरवा.

आपल्या घरातला कुकर आपण रोज पाहतो. शिट्टी अडकली, रबर सैल झालं, तर लगेच कळतं. गॅसची पाइपलाइन मात्र एकदा पुरली की चाळीस-पन्नास वर्षं डोळ्यांना दिसत नाही. तिच्यातून किती दाबाने गॅस सोडायचा, हे मग कशावरून ठरवायचं? नळी कोणत्या पोलादाची, किती जाडीची, सांधे कसे जोडले, पुरल्यावर तिची दाबाची चाचणी झाली का, या सगळ्याच्या कागदांवरून. कागद चुकला की दाबाचं गणित चुकतं. म्हणून गॅसच्या धंद्यात नोंदवही हीसुद्धा सुरक्षेची वस्तू आहे, झडपेसारखी.

हे जगाला फार महागात शिकावं लागलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन ब्रुनो नावाचं गाव आहे. 9 सप्टेंबर 2010 च्या संध्याकाळी तिथल्या वस्तीखालची 30 इंच व्यासाची गॅसची नळी फुटली. आग एवढी भडकली की 8 माणसं गेली आणि 38 घरं जळून नष्ट झाली. गॅस बंद करायला कंपनीला 95 मिनिटं लागली, कारण झडपा माणसांनी जाऊन हाताने फिरवायच्या होत्या. आग विझवायला आलेल्या जवानांना तर आपल्या भागाखालून एवढी मोठी लाइन जाते हेच माहीत नव्हतं.

चौकशी झाली. ही नळी 1956 साली पुरलेली. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या संगणकात तिची नोंद होती 'सीमलेस', म्हणजे लांबीला जोड नसलेली, अखंड नळी. उकरून पाहिलं तर नळीला लांबीभर जोड होता. फुटलेल्या जागी छोटे छोटे तुकडे जोडलेले होते, आणि काही तुकड्यांचा जोड फक्त बाहेरून वेल्डिंग केलेला, आतून नाही. खरं तर त्या काळी 30 इंचांची अखंड नळी बाजारात मिळतच नव्हती. म्हणजे ती नोंद वाचणाऱ्या कोणीही थांबून विचारायला हवं होतं, "हे शक्य तरी आहे का?" पण माहिती जुन्या हिशेबाच्या कागदावरून पुढच्या तक्त्यात आणि तक्त्यातून संगणकात उतरत गेली. संगणकात आली म्हणून ती खरी मानली गेली.

त्याचा परिणाम बघा. नळीला जोडच नाही असं लिहिलेलं, मग जोड तपासणार कोण? तपासणीची जी पद्धत निवडली ती बाहेरून लागलेला गंज शोधणारी होती. जोडातला दोष तिला दिसणारच नव्हता. त्यातून अमेरिकेत नियम असा होता की 1970 च्या आधीच्या नळ्यांना नव्याने दाबाची चाचणी न देता, त्या सालाआधीच्या पाच वर्षांत चाललेल्या सर्वांत जास्त दाबावर चालवायला परवानगी होती. म्हणजे कागदही कच्चा आणि चाचणीही नाही.

त्यानंतर अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने कंपनीला बजावलं, की दाब ठरवण्यासाठी वापरलेल्या नोंदी तीन कसोट्यांना उतरल्या पाहिजेत. या तीन कसोट्या आम्हाला फार आवडल्या, कारण त्या आपल्या गटाच्या दप्तरालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिली, नोंदीचा माग मूळ कागदापर्यंत काढता आला पाहिजे. "कुणीतरी सांगितलं होतं" चालणार नाही. दुसरी, ती वेगळ्या कागदाशी ताडून बघता आली पाहिजे. आपल्या सभासदाचं पासबुक आणि गटाची खतावणी जुळते ना, तसं. तिसरी, ती पूर्ण हवी. तारीख, सही, काम पूर्ण झाल्याची खूण, काही सुटलेलं नको.

या कंपनीला 2011 मध्ये जुन्या कागदांची खोकीच्या खोकी एका मोठ्या सभागृहात आणून माणसं बसवून धुंडाळावी लागली. 2015 मध्ये राज्याच्या आयोगाने तिला 160 कोटी डॉलरचा दंड केला, आणि 2016 मध्ये न्यायालयात ती सुरक्षा कायदा मोडल्याच्या पाच आणि चौकशीत अडथळा आणल्याच्या एका आरोपात दोषी ठरली.

अमेरिकेच्या सरकारने 2019 साली नवा नियम काढला. नळीच्या साहित्याच्या आणि दाब ठरवण्याच्या नोंदी आता ती नळी वापरात असेपर्यंत जपायच्या. नळीची दुरुस्ती केली तर तारीख, जागा आणि काय केलं, हेही नळी वापरात असेपर्यंत. गस्त आणि गळतीच्या तपासणीच्या नोंदी मात्र किमान पाच वर्षं. आणि जुन्या नळीचे कागद सापडतच नसतील, तर? मग अंदाज लिहून मोकळं व्हायचं नाही. कामासाठी जमीन खणली जाईल तेव्हा नळी प्रत्यक्ष तपासायची, दाबाची चाचणी घ्यायची, नाहीतर दाब कमी करायचा. अशा नळ्यांचं काम संपवायला 2035 पर्यंतची मुदत आहे.

आता आपल्याकडे या. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी गॅसची लाइन आपल्याच रानातून जाते. मुंबईहून मनमाडला इंधन नेणारी लाइनही. 1962 च्या कायद्याने अशा लाइनसाठी जमीन विकत घेतली जात नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. मालकी आपलीच राहते, पण त्या पट्ट्यावर घर, विहीर, तलाव बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम वेगळी.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. गावातून लाइन जात असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीत हे करा. कोणाकोणाच्या गटातून ती जाते, याची यादी करा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिची नोंद आहे का, बघा. भरपाईची पावती आणि नोटीस एका पिशवीत जपून ठेवा, आणि सुनेला, लेकीला ती पिशवी दाखवून ठेवा. लाइनच्या खुणेच्या पाटीवरचा फोन नंबर वहीत लिहा, आणि शाळेत, अंगणवाडीतही लावा. पाटी पडली असेल, पट्ट्यावर कोणी जेसीबी लावला असेल, तर त्या नंबरवर कळवा, आणि कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाशी बोललात तेही लिहून ठेवा.

एक लक्षात ठेवा. मोठ्या लाइनमधल्या गॅसला वास असेलच असं नाही. जमिनीतून सूंऽऽ असा आवाज येणं, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, एखाद्या पट्ट्यातलं गवत विनाकारण वाळणं, या खुणा आहेत. अशा वेळी काडी पेटवू नका, तिथे मोबाइल काढू नका, मोटारीचं बटण दाबू नका. लांब जा, मग पाटीवरच्या नंबरवर आणि 112 वर फोन करा.

बचत गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र नियमित हिशेब लेखनाचं आहे. पहिली चार सूत्रं धडपणे चाललीत की नाही, हे त्या पाचव्यावरूनच कळतं. नळीचंही तसंच आहे. पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा एक पान यासाठी ठेवा.