हिशेब ताटाचा – ८ : पीनट बटरचा चमचा

मागच्या आठवड्यात आपण फोडणीच्या तेलाचा हिशेब मांडला. आजचा पदार्थ तेलासारखा दिसत नाही, पण त्याचं निम्मं वजन तेलाचंच असतं. पीनट बटर आता शहरातल्या मोठ्या दुकानांपुरतं राहिलेलं नाही, तालुक्याच्या गावीही किराणा दुकानाच्या फळीवर त्याच्या बरण्या दिसतात. जिमला जाणारी मुलं ते प्रोटीनसाठी घेतात, आया मुलांच्या डब्यासाठी घेतात, आणि वजन उतरवायला निघालेली माणसं एकतर ते घरात येऊच देत नाहीत किंवा मन मारून आठवड्यातून एकदा खातात. इतकं घाबरायचं कारण नाही. पीनट बटर रोज खाऊनही वजन आटोक्यात ठेवता येतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त ते अंदाजाने खायचं नाही.

आधी आकडे पाहू. १०० ग्रॅम पीनट बटरमध्ये ५९० ते ६०० कॅलरी असतात. त्यात चरबी ५० ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं २२ ते २५ ग्रॅम. साध्या शेंगदाण्याचे आकडेही जवळपास हेच आहेत, कारण चांगलं पीनट बटर म्हणजे भाजून दळलेले दाणे, दुसरं काही नाही. एक सपाट मोठा चमचा म्हणजे १६ ग्रॅम, म्हणजे साधारण ९५ कॅलरी. मध्यम आकाराच्या एका पोळीत असतात तेवढ्या.

गडबड होते ती ‘सपाट’ या शब्दापाशी. पातळ पदार्थ चमच्यात आपोआप सपाट राहतो. तेल, दूध, मध यांचा चमचा शीग लावून भरताच येत नाही. पीनट बटर मात्र चमच्यावर डोंगरासारखं उभं राहतं, खालच्या बाजूलाही चिकटून येतं. बरणीतून सहज काढलेला भरगच्च चमचा काट्यावर ठेवला तर तो ३० ग्रॅमपर्यंत सहज जातो. खाणाऱ्याच्या लेखी एकच चमचा, पण पोटात गेल्या पावणेदोनशे-एकशेऐंशी कॅलरी. सकाळी ब्रेडवर एक आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून नुसताच एक, असे दोन चमचे रोजचे झाले की साडेतीनशे कॅलरी होतात आणि मनात नोंद असते दोनशेचीही नाही. अशा हिशेबातून वजन वाढतं तेव्हा खापर पीनट बटरवर फुटतं.

म्हणून आहारात पीनट बटर ठेवायचं असेल, तर माझा पहिला आग्रह स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्याचा. काटा वापरायची सोपी युक्ती अशी : बरणीच काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि मग चमच्याने काढायचं. काटा उणे १५ दाखवू लागला की थांबायचं. चमच्याला किती चिकटलं, ब्रेडवर किती गेलं, याची चिंता उरत नाही; बरणीतून जेवढं कमी झालं तेवढं आपल्या पोटात. पंधरवडाभर असं केलं की डोळ्यांना सवय होते, मग रोज काटा काढावा लागत नाही. ज्यांना काट्याचा कंटाळा आहे त्यांनी निदान चहाचा छोटा चमचा वापरावा आणि सुरीच्या पाठीने तो सपाट करावा. असा एक चमचा साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे ३० कॅलरींचा असतो.

आता एक प्रश्न हमखास पडतो. दाणे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. उपासाची खिचडी, दाण्याची आमटी, भरल्या वांग्यातलं कूट, सोलापूरची शेंगाचटणी, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की. मराठी स्वयंपाकातून दाणे काढून टाकले तर बरंच काही उरणारच नाही. मग तेच दाणे बरणीत गेल्यावर वेगळं काय होतं?

वेगळं होतं ते दळण्यामुळे. शेंगदाण्यातलं तेल त्याच्या पेशींमध्ये बंद असतं आणि पेशींच्या भिंती आपल्या पोटात पचत नाहीत. अख्खा दाणा चावला की काही पेशी फुटतात, काही तशाच राहतात, आणि त्या न फुटलेल्या पेशींतलं तेल शरीराला न मिळता बाहेर पडतं. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या विषयावर एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मोजक्या लोकांना आळीपाळीने अख्खे शेंगदाणे, पीनट बटर आणि शेंगदाण्याचं तेल देऊन शौचावाटे किती चरबी बाहेर पडते हे मोजलं गेलं. अख्ख्या दाण्यांच्या वेळी खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे १८ टक्के बाहेर पडली, पीनट बटरच्या वेळी ७ टक्के, आणि तेलाच्या वेळी साडेचार टक्के. पीनट बटर या बाबतीत दाण्यापेक्षा तेलाच्या जवळ जातं. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बदामावर काम केलं, त्यातही हेच दिसलं : अख्ख्या बदामातून शरीराला मिळणाऱ्या कॅलरी पुस्तकी आकड्यापेक्षा बऱ्याच कमी भरल्या, पण बदामाच्या बटरमधून जवळजवळ पूर्ण मिळाल्या. दातांनी अर्धवट सोडलेलं काम गिरणी पुरं करते.

पण हा फरक फुगवून सांगण्यात अर्थ नाही. ३० ग्रॅम दाण्यांत १५ ग्रॅम चरबी. तिच्यातली ११ टक्के जास्तीची वाचली म्हणजे दीड ग्रॅम, म्हणजे १५ कॅलरी. तेवढ्यासाठी पीनट बटर सोडायची गरज नाही. खरा फरक वेळेचा आहे. ३० ग्रॅम भाजके दाणे एकेक करून चावायला पाचेक मिनिटं तरी जातात. शेंगा असतील तर फोडायच्या, सालं चोळून फुंकायची, मग खायचं, यात त्याहून जास्त. तेवढंच पीनट बटर चार घासांत संपतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत चमचा पुन्हा बरणीत गेलेला असतो. नुसतं चमच्याने पीनट बटर खाण्याला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठीच. ते कशालातरी लावून खावं, आणि ते ‘काहीतरी’ चावावं लागणारं असावं : सफरचंदाच्या फोडी, गाजर, काकडी, कडक भाजलेली भाकरी. अर्धं सफरचंद आणि १५ ग्रॅम पीनट बटर मिळून १३०-१४० कॅलरींत संध्याकाळची भूक चांगली भागते. चार बिस्किटांनी ती भागत नाही.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. पीनट बटर ‘आणखी’ म्हणून खाल्लं तर कॅलरी वाढणारच. ते कशाच्या तरी जागी खायला हवं. एक मोठा चमचा लोणी म्हणजे १०० कॅलरी, एक सपाट चमचा पीनट बटर म्हणजे ९५. लोण्याच्या जागी पीनट बटर आलं तर कॅलरी तेवढ्याच राहतात आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं, थोडा चोथा पदरात पडतो. पण ब्रेडवर आधी लोणी, वर पीनट बटर, त्यावर जॅम आणि शेवटी केळ्याच्या चकत्या असं केलं की त्याचं जेवणच होतं. जेवण म्हणून खा, हरकत नाही. मग त्यानंतर पोहे नकोत. हाच नियम कुटालाही लावावा. आज साबुदाण्याची खिचडी असेल तर त्यात माणशी जेवढं कूट पडलं तेवढे दाणे पोटात गेलेच आहेत. ५० ग्रॅम कूट म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे कॅलरी. त्या दिवशी बरणी बंद राहिली तर बरं. आपल्या घरांत पीनट बटरवर जेवढा डोळा असतो तेवढा कुटावर नसतो, हे मला नेहमी खटकतं.

प्रोटीनच्या दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तरुण मुलं त्याच भरवशावर बरणी विकत घेतात. पीनट बटरमध्ये प्रथिनं आहेत, पण कॅलरींच्या मानाने थोडी. १०० कॅलरींमागे जेमतेम ४ ग्रॅम. २० ग्रॅम प्रथिनं पीनट बटरमधूनच मिळवायची म्हटलं तर ५०० कॅलरी खाव्या लागतील. तीच मुगाच्या डाळीतून तीनशेच्या आत मिळतात आणि तीन अंड्यांतून सव्वादोनशे कॅलरींत १८-१९ ग्रॅम. पीनट बटर हा चरबीचा पदार्थ आहे, चांगल्या चरबीचा. त्यात बहुतांश असंपृक्त चरबी असते, आणि त्याच्यासोबत प्रथिनं मिळतात. वजन वाढवायचं असलेल्या किडकिडीत मुलाला हे छान. वजन उतरवणाऱ्याने मात्र प्रथिनांसाठी डाळ, दही, अंडी, मासे यांवर भिस्त ठेवावी आणि पीनट बटर चवीसाठी खावं. चवीसाठी खाणं हे पुरेसं कारण आहे.

हा पदार्थ बरणीत आला कसा, हेही पाहण्यासारखं आहे, कारण लेबल वाचताना त्याचा उपयोग होतो. १८८४ मध्ये माँट्रियलच्या मार्सेलस एडसन याने शेंगदाण्याच्या लगद्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. पुढे १८९०च्या दशकात मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी मांसाहार टाळणाऱ्या आपल्या रुग्णांसाठी शेंगदाण्याचं बटर करायला घेतलं. या जुन्या बटरचा एक त्रास होता : बरणी ठेवली की तेल वर यायचं आणि खाली गोळा बसायचा. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जोसेफ रोझफील्ड यांनी त्यावर उपाय काढला. तेलाचा थोडा भाग हायड्रोजनेट करून घट्ट केला की ते वेगळं होत नाही. बाजारातली गुळगुळीत, कधीही तेल न सुटणारी बरणी तिथून आली. मग स्वस्त तेलं आणि साखर घालायची चढाओढ लागली, आणि पीनट बटरमध्ये शेंगदाणे किती असलेच पाहिजेत यावर अमेरिकेत १९५९ पासून तब्बल बारा वर्षं वाद चालला. कंपन्या ८७ टक्क्यांवर अडून बसल्या होत्या, सरकारी यंत्रणा ९० टक्के म्हणत होती. शेवटी ९० टक्के ठरलं, आणि त्याहून कमी दाणे असलेल्या पदार्थाला तिथे पीनट बटर म्हणता येत नाही.

आपल्याकडे बरणी घेताना मी सांगेन की पुढचं चित्र आणि ‘हाय प्रोटीन’ वाचायच्या आधी मागची घटकांची यादी वाचा. यादीत शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढंच असेल तर उत्तम. साखर, गूळ, मध, चॉकलेट यांतलं काही दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ती गोड खाऊची बरणी समजावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेल वर तरंगताना दिसलं तर बरणी खराब नाही. घरी आणल्यावर ती रात्रभर उलटी ठेवावी, सकाळी सुरीने तळापासून ढवळावी. वरचं तेल ओतून टाकून कॅलरी वाचवायचा मोह काहींना होतो. कॅलरी वाचतात खऱ्या, पण उरलेला गोळा इतका कोरडा होतो की घशाखाली उतरत नाही आणि अर्धी बरणी शेवटी वाया जाते.

‘लो फॅट’ पीनट बटरच्या वाटेला मुळीच जाऊ नये. अमेरिकेतल्या अशा बरण्यांवरचे आकडे साधारण असे असतात : दोन चमच्यांत चरबी १६ ग्रॅमवरून १२वर येते, पण कर्बोदकं ८वरून १५ ग्रॅमवर जातात. चार ग्रॅम चरबीच्या ३६ कॅलरी गेल्या, सात ग्रॅम कर्बोदकांच्या २८ आल्या. आठ कॅलरींसाठी शेंगदाणे देऊन साखर आणि पिठूळ भर घेतली. हा सौदा मला पटत नाही.

पीनट पावडरचं तसं नाही. भाजलेल्या दाण्यांतलं बहुतेक तेल दाबून काढायचं आणि राहिलेला चोथा बारीक दळायचा, अशी ती बनते. आपल्या घाण्यावर तेल काढल्यावर उरते ती पेंडच, फक्त माणसांसाठी स्वच्छतेने तयार केलेली. तिच्या दोन मोठ्या चमच्यांत ६० कॅलरींच्या आसपास आणि सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. ताकात, दलियात, धिरड्याच्या पिठात ती छान मिसळते. पाण्यात कालवून ब्रेडवर लावली तर मात्र निराशा होते, कारण जिभेला हवा असलेला स्निग्धपणा तेलाचाच असतो आणि ते तर काढून टाकलेलं.

कमी पीनट बटरमध्ये जास्त चव हवी असेल तर मी दही सुचवेन. वाटीत १५ ग्रॅम पीनट बटर घ्या आणि चमचाभर कोमट पाणी घालून फेटा. पहिल्यांदा ते पातळ व्हायच्या ऐवजी घट्ट होईल, चमचा ओढून धरेल, रंग फिका पडेल. बिघडलं असं वाटेल. घाबरू नका. थोडं पाणी गेलं की दाण्याचे बारीक कण ते शोषून एकमेकांना धरतात. आणखी चमचा-दोन चमचे पाणी पडलं की तेल आणि पाणी नीट मिसळतं आणि मिश्रण एकदम मऊसूत, दुधाळ होतं. आता अर्धी वाटी दही, ठेचलेली लसणीची एक पाकळी, लाल तिखट, मीठ आणि लिंबाचे चार थेंब घाला. दीडशे कॅलरींच्या आत दोन माणसांना पुरेल एवढं तोंडीलावणं होतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते शेंगाचटणीची आठवण करून देतं. काकडीच्या कोशिंबिरीत कुटाच्या जागी हेच चमचाभर घालून पाहा, फोडणीही लागत नाही.

घरी करायचं असेल तर दाणे मंद आचेवर आतपर्यंत खमंग भाजावेत, सालं काढून पाखडावेत, आणि त्याच वेळी काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकावेत. बुरशीतल्या अफलाटॉक्सिनचा धोका कॅलरीपेक्षा फार मोठा आहे आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावावेत. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटून गोळा बनतं. बरेच जण इथे धीर सोडून तेल ओततात. ओतू नका, त्या एका चमच्याच्या १२० कॅलरी असतात. मिक्सर थांबवून, कडा खरवडून, भांडं गार होऊ देऊन पुन्हा फिरवलं की दाणे स्वतःचं तेल सोडतात आणि गोळा सैल होऊन वाहू लागतो. मग मीठ घालून कोरड्या काचेच्या बरणीत भरावं. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त करू नये.

पुढच्या आठवड्यात गूळ, मध आणि साखर यांच्या कॅलरींमध्ये खरोखर किती फरक असतो ते पाहू.