दमा असलेल्या लहान मुलांचे जीवनमान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दम्याने मुलाचे खेळणे, झोप, शाळा आणि मन किती अडते, हे ठरावीक प्रश्नांनी जाणून घेणे म्हणजे त्याचे जीवनमान मोजणे. औषध लागू पडते की नाही, हे नुसत्या छातीच्या आवाजावरून कळत नाही; म्हणून ही मोजणी करायची.

गैरसमज: ‘त्याला काय कळतंय डॉक्टर, मला विचारा की.’

हे वाक्य मुलाच्या देखत बोलले जाते आणि त्रास ज्याचा, त्याचेच म्हणणे नोंदवायचे राहून जाते. उदाहरणार्थ, परंडा तालुक्यात ज्वारीची मळणी सुरू झाली की भुसकट आणि धूळ उडते. चूल असलेल्या घरात धुराची भर पडते. आई दिवसभर रानात, मूल शाळेत. धाप लागते म्हणून मूल आपणहून पळणे सोडते, कबड्डीच्या वेळी कडेला बसते. संध्याकाळी आईला शांत बसलेले मूल दिसते आणि ती मनापासून ‘बरं आहे’ सांगते. ती खोटे बोलत नाही. तिने ती कबड्डी पाहिलेलीच नसते.

मुलाला कळते, फक्त विचारण्याची रीत हवी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या एलिझाबेथ ज्युनिपर यांनी ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी केलेली प्रश्नावली १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २३ प्रश्न आहेत: १० लक्षणांचे, ५ हालचालींचे, ८ भावनांचे. हालचालींपैकी तीन मूल स्वतः निवडते; परंड्यातले मूल कबड्डी सांगेल, सायकल सांगेल किंवा विहिरीत पोहणे. प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण असतात. सरासरी अर्ध्या गुणाने वाढली, तरी मुलाला जाणवण्याइतका फरक पडला असे मानतात.

४ ते ११ वर्षांसाठी दमा नियंत्रणाची वेगळी चाचणी आहे. तिच्यात मूल चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून चार प्रश्नांची उत्तरे देते: आज दमा कसा आहे, खेळताना किती नडतो, खोकला येतो का, रात्री जाग येते का. पुढचे तीन प्रश्न पालकांना. एकूण २७ पैकी १९ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर दमा आटोक्यात नाही.

अगदी लहान मुलांबाबत मात्र पालकांवरच भिस्त ठेवावी लागते. जेम्स वार्नी यांच्या ‘पेड्सक्यूएल’ प्रश्नावलीत २ ते ४ वर्षांसाठी फक्त पालक उत्तरे देतात. पाचव्या वर्षापासून मूलही देते. त्यानंतर आईला विचारावेच, पण मुलाला आधी, आणि त्याचे उत्तर दुरुस्त न करता.

इतर गैरसमज

‘फुंकून तपासले की सगळे कळते.’ फुंकण्याच्या यंत्राला श्वासाचा जोर कळतो, मोडलेली झोप नाही; शिवाय पाच वर्षांखालील बहुतेक मुलांना नीट फुंकता येत नाही.

‘दमा आटोक्यात आला, म्हणजे जीवनमान सुधारले.’ दोन्ही मोजण्या वेगळ्या आहेत. घरघर थांबली तरी खेळायची भीती उरू शकते.

‘पंपाची सवय लागते.’ लागत नाही. औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते, म्हणून थोडक्या मात्रेत भागते.

‘वय वाढले की आपोआप जातो.’ काहींचा कमी होतो, सर्वांचा नाही. तोवर उपचार थांबवणे धोक्याचे.

‘एकदा मोजले की झाले.’ दमा ऋतूनुसार बदलतो; म्हणून दर तपासणीला तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि गुण मागच्या गुणांशी ताडून पाहावेत.