कोंबड्या आधी मेल्या, माणसांच्या तेलाकडे कुणी पाहिलं नाही

१९६८ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानच्या पश्चिम भागातल्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या मरू लागल्या. आकडा चार लाखांच्या आसपास गेला. चौकशीत दोष खाद्यातल्या तेलावर आला. हे तेल किताक्यूशू शहरातल्या कानेमी या कारखान्यातून आलेलं होतं. तोच कारखाना माणसांसाठी भाताच्या कोंड्याचं तेलही बनवत होता. मग ते तेल तपासायला नको होतं का? ते तपासलं गेलं नाही. ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या, तोवर अनेक घरांत तेच तेल महिनोन्‌महिने वापरून झालं होतं.

लोकांच्या अंगावर मुरमांसारखे फोड आले, नखं आणि हिरड्या काळ्या पडल्या, डोळ्यांतून घाण येऊ लागली, हातपाय बधिर झाले. काही बाळं काळपट त्वचा घेऊनच जन्माला आली. जपानीत या आजाराला ‘युशो’ म्हणतात, म्हणजे तेलाचा आजार. सुमारे १४ हजार लोकांनी तक्रारी नोंदवल्या.

तेलात विष आलं कुठून, हे नीट समजून घेऊ. कोंड्याच्या तेलाला वास असतो. तो काढायला तेल खूप तापवावं लागतं. त्यासाठी टाकीत नळ्यांचं वेटोळं बसवलेलं होतं आणि त्या नळ्यांतून पीसीबी नावाचं गरम रसायन फिरत होतं. पूर्ण नाव पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. ते सहज पेटत नाही, सहज विघटत नाही, म्हणून कारखानदारांना आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांना फार आवडायचं. नळीतून ते तेलात झिरपलं. त्यात पुन्हा, सतत तापल्याने पीसीबीतूनच फ्युरान नावाची त्याहून जहाल रसायनं तयार झाली होती. खरा घात मुख्यतः त्यांनीच केला, हे संशोधकांना काही वर्षांनी कळलं. (कोंड्याचं तेल वाईट, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. दोष नळीतल्या रसायनाचा होता.)

आता प्रश्न पडेल की विष पोटात गेलं तरी ते शरीराबाहेर का पडत नाही? वर्गात आम्ही मुलांना मीठ आणि तुपाचं उदाहरण देतो. मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून जास्तीचं मीठ लघवीवाटे निघून जातं. ही रसायनं तुपाच्या जातीची. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत. गवतातून गाईत, गाईतून दुधात, छोट्या माशातून मोठ्या माशात, असं त्यांचं प्रमाण पायरीपायरीने वाढत जातं. डायऑक्सिन आणि त्यासारख्या रसायनांचा माणसाशी येणारा ९० टक्क्यांहून जास्त संबंध अन्नातूनच, तेही बहुतेक मांस, दूध आणि माशांतून येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अन्न उकळलं, धुतलं तरी ती जात नाहीत. मांसाची चरबी काढून टाकणं आणि रोज एकच एक पदार्थ न खाणं, इतकंच घरात करता येतं. आईच्या दुधातही ती उतरतात, पण म्हणून बाळाचं दूध तोडू नये. त्या दुधाचे फायदे कितीतरी मोठे आहेत.

१९७९ मध्ये तैवानमध्ये हेच पुन्हा घडलं. तसंच तेल, तीच चूक, सुमारे दोन हजार रुग्ण. सुरुवातीच्या रुग्णांत एका अंधशाळेतली मुलं आणि शिक्षक होते, कारण सगळे एकाच स्वयंपाकघरातलं जेवत होते. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट वाचताना जास्तच लागते.

जपानच्या रुग्णांची तकलीफ तर कागदोपत्रीही संपली नाही. खटल्यात आधी मिळालेली रक्कम, खटला मागे घेतल्यावर, सरकारने त्यांच्याकडे परत मागितली. बहुतेकांना त्यातून सूट देण्यासाठी २००७ साली वेगळा कायदा करावा लागला. रक्तातल्या फ्युरानचं प्रमाण रोगनिदानात धरायला २००४ उजाडलं. म्हणजे आजारी पडल्यावर ३६ वर्षांनी!

आपल्या देशाने २००६ मध्ये अशा रसायनांविरुद्धचा स्टॉकहोम करार मान्य केला. २०१६ च्या आदेशाने पीसीबी बनवण्यावर आणि आयात करण्यावर बंदी आली, आणि जुन्या यंत्रांतला वापर थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली गेली. ती जुनी यंत्रं शेवटी येतात कुठे? भंगारात. या धंद्यात आपली बरीच माणसं आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल उघड्या हाताने काढू नका, गटारात सोडू नका. त्याचे रिकामे डबे धान्याला किंवा पाण्याला वापरू नका. आणि तांब्यासाठी केबल जाळणं बंद करा. प्लास्टिकचं ते आवरण जळताना डायऑक्सिन तयार होतं, राखेत आणि मातीत बसतं. त्या मातीत चोच मारणाऱ्या गल्लीतल्या कोंबडीच्या अंड्यात ते उतरतं, आणि ते अंडं गावठी म्हणून आपण जास्त पैसे देऊन मुलांना खाऊ घालतो.