३१ ऑक्टोबरची संध्याकाळ कोणाची?

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या एकाच गावात तीन चर्च तीन वेगळ्या गोष्टी करताना दिसू शकतात. पहिल्या चर्चच्या पार्किंगमध्ये सभासद आपापल्या गाड्या रांगेत लावतात, डिक्या उघडून त्या कापसाच्या कोळिष्टकांनी, भोपळ्यांनी, नाहीतर नोहाच्या तारवाच्या पुठ्ठ्याच्या देखाव्याने सजवतात आणि वेश केलेली मुले या डिकीपासून त्या डिकीपर्यंत चॉकलेटे गोळा करत फिरतात. याला तिकडे ‘ट्रंक ऑर ट्रीट’ म्हणतात. दुसऱ्या चर्चचे पास्टर आधीच्या रविवारी बजावतात, की हॅलोविनच्या रात्री, ३१ ऑक्टोबरला, बाहेरचा दिवा बंद ठेवा, दार उघडू नका, हा सैतानाचा सण आहे. तिसरे चर्च ‘हेल हाउस’ उभारते. अंधाऱ्या खोल्यांची रांग असते. एकीत दारू पिऊन झालेला अपघात, दुसरीत गर्भपात, तिसरीत आत्महत्या, मग नरक, आणि शेवटच्या खोलीत येशूला स्वीकारण्याचे आवाहन. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे जेरी फॉलवेल यांच्या मंडळींनी १९७२मध्ये ‘स्केअरमेअर’ सुरू केले, त्यानंतर हा प्रकार देशभर पसरला.

बायबल तिघांच्याही हातात एकच आहे. तरी ख्रिस्ती माणसाने हॅलोविनमध्ये भाग घ्यावा का, या प्रश्नाची त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. हा वाद आता वसईच्या ख्रिस्ती घरांतही पोचला आहे, कारण वसईची नातवंडे न्यू जर्सीत आणि टोरांटोत शाळेला जातात. मुलाला सांगाड्याचे कपडे घालावेत की नाही, हे आईला सोमवारपर्यंत ठरवायचे असते, आणि फोनवर आजी विचारते, ‘‘भुताचं सोंग कशाला बाई घ्यायचं?’’ आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

विरोध करणाऱ्यांचा पहिला मुद्दा उगमाचा असतो. हा मुळात केल्ट लोकांचा ‘साविन’, मृतांच्या पूजेचा सण. चर्चने त्यावर ख्रिस्ती झूल चढवली, आत जुने दैवत तसेच राहिले. सोपी गोष्ट आहे, म्हणूनच ती सगळ्यांना पाठ आहे. पण साविनबद्दल जे काही लिहिलेले आज हाती आहे, ते आयर्लंडच्या ख्रिस्ती मठांत, देश ख्रिस्ती होऊन कित्येक पिढ्या उलटल्यावर लिहिले गेले. त्यात राजांच्या मेजवान्या आहेत, गुरे उन्हाळी कुरणांवरून परत आणण्याचा मोसम आहे, परलोकातल्या सत्त्वांशी पडलेल्या गाठी आहेत. मृतांच्या पूजेचे सरळ वर्णन त्यात मिळत नाही. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या १९९६च्या ग्रंथात हे पुरावे तपासले आहेत. साविनची ‘मृतांचा सण’ ही ओळख मुख्यतः जॉन ऱ्हीस आणि जेम्स फ्रेझर या एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या अभ्यासकांच्या तर्कातून रुजली, असे त्यातून दिसते.

चर्चच्या बाजूचा इतिहास जास्त स्पष्ट आहे. रोममधले पँथिऑन हे देऊळ सातव्या शतकाच्या आरंभी, १३ मे रोजी, मरिया आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे चर्च म्हणून अर्पण झाले, आणि रोममध्ये हुतात्म्यांचा सण मे महिन्यात होऊ लागला. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सेंट पीटर्समध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनागृह वाहिले. इसवी सन ८००च्या सुमारास इंग्लंड आणि जर्मनीतली काही चर्च सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला पाळत होती, आणि ८३५मध्ये ती तारीख फ्रँक साम्राज्यभर लागू झाली. त्या काळी आयर्लंडचे चर्च मात्र हा सण २० एप्रिलला पाळत असे! साविनला झाकण्यासाठी तारीख निवडली असती, तर ती आयर्लंडनेच आधी निवडायला हवी होती. पुढे क्लूनीचे मठाधिपती ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांसाठी ठरवला. १ तारीख संतांची, २ तारीख आपल्या माणसांची, आणि ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ या दोन दिवसांच्या उंबरठ्यावरची.

आयर्लंडमधले जुने लोकसमज या संध्याकाळी मिसळले नाहीत, असे मी म्हणत नाही. मिसळलेच. मेयो परगण्यातल्या टरलो पार्क इथल्या संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउन गावाहून आलेल्या सलगमाच्या कंदिलाचा साचा ठेवला आहे. मूळ कंदील विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचा. आज दुकानात मिळणारा गुबगुबीत, हसरा भोपळा डोक्यातून काढून टाका. हा मुठीएवढा, सुरकुतलेला चेहरा आहे, खोल गेलेले डोळे, खरबरीत दात, वाळलेल्या कवटीसारखा. आत मेणबत्तीचा तुकडा ठेवून असा कंदील अंधारात फिरवला, की वाटसरूची पाचावर धारण बसत असेल. त्याच काळात इंग्लंडच्या चेशर आणि श्रॉपशर भागांत गरीब माणसे आणि मुले दारोदार जाऊन मसाल्याचे छोटे केक मागत. एके काळी त्या केकच्या बदल्यात घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणण्याचा रिवाज होता. मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागण्याच्या आजच्या ‘ट्रिक ऑर ट्रीट’ची वंशावळ थेट तिथे नेता येत नाही, पण दारात आलेल्याला खाऊ द्यावा आणि त्याने आपल्या मृतांची आठवण ठेवावी, हा व्यवहार पुरता ख्रिस्ती होता.

मग ही संध्याकाळ रिकामी कोणी केली? याचे उत्तर विटेनबर्गमध्ये आहे. तिथल्या किल्ल्यातल्या चर्चचे नावच सर्व संतांचे. सॅक्सनीचा शासक, इलेक्टर फ्रेडरिक याने जमवलेल्या हजारो संत-अवशेषांचे तिथे दर्शन घेतले की पापदंडातून सूट मिळे, आणि सर्व संतांच्या सणाला तिथे गर्दी लोटे. मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे १५१७च्या ३१ ऑक्टोबरला पुढे आणले, यात या गर्दीचा हिशेब असावा. सूट विकण्याचा तो बाजार उठला, हे बरेच झाले. पण त्या लाटेत मृतांसाठीची प्रार्थनाही प्रोटेस्टंट उपासनेतून गेली. इंग्लंडमध्ये त्या रात्री मृतांसाठी वाजणाऱ्या घंटा सोळाव्या शतकात बंद करण्यात आल्या. लोकांनी संध्याकाळ सोडली नाही. तिच्यातली प्रार्थना तेवढी सुटली. उरली सोंगे, कंदील आणि खाऊ. बटाट्याच्या दुष्काळात, १८४५नंतर, आयरिश माणसे लाखोंनी अमेरिकेला गेली, त्यांच्याबरोबर हे सगळे गेले, आणि सलगमाच्या जागी तिकडचा भोपळा आला.

अमेरिकेतली बरीच चर्च पुढे कित्येक दशके या सणाला सरावलेली होती. बिघाड १९८०च्या दशकात झाला. शिकागो परिसरात १९८२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातले आणि ७ माणसे गेली. त्या वर्षीचे हॅलोविन भीतीत गेले. याच सुमारास सैतानपूजक टोळ्या मुलांना पळवतात, अशा कथांना ऊत आला. अशाच आरोपांतून उभा राहिलेला कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९९०पर्यंत चालला आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. चॉकलेटमधल्या विषाचे म्हणाल, तर समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक वर्षांच्या बातम्या तपासल्या, आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊतून मूल दगावल्याचा एकही खात्रीचा दाखला त्यांना मिळाला नाही. आज ‘हा सैतानाचा सण’ म्हणून जे आवेशाने सांगितले जाते, त्याचा मोठा भाग त्या दशकातल्या घबराटीचा आहे. बायबलमधून तो आलेला नाही.

बायबलमध्ये काय आहे? जादूटोणा, शकुन पाहणे, मृतांना बोलावून विचारणे यांवर ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट बंदी आहे. एन-दोरच्या बाईकडे जाऊन मेलेल्या शमुवेलाला उठवणाऱ्या शौल राजाची गत काय झाली, तेही लिहिलेले आहे. म्हणून ओईजा बोर्ड घेऊन बसणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे, मग ते गंमत म्हणून असो की हॅलोविन म्हणून. इथे पळवाट काढू नये. पण चादर पांघरून शेजारच्या दारात उभे राहिलेले सहा वर्षांचे पोर मृतांना बोलवत नसते.

खरा धागा पौलाच्या पत्रात आहे, आणि तो मराठी ख्रिस्ती माणसाला अमेरिकन माणसापेक्षा जास्त कळायला हवा. करिंथच्या मंडळीने त्याला विचारले होते, की मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा का. त्याचे उत्तर तीन पदरी आहे. मूर्तीच्या पूजेत बसायचे नाही, एका माणसाने दोन पंगतींना बसायचे नाही. बाजारात मिळणारे मांस मात्र चौकशी न करता खावे, कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खावे. आणि आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या बंधूचे मन डळमळणार असेल, तर त्याच्यासाठी थांबावे. आमच्याकडे गणपतीत शेजारून मोदक येतो तेव्हा काही घरांत तो प्रेमाने खाल्ला जातो, काही घरांत हात जोडून घेतला जातो आणि पुढे कोणाला तरी दिला जातो, क्वचित नम्रपणे नाकारलाही जातो. तिन्ही घरे देवाला भिऊन राहणारी आहेत. पिढ्यानपिढ्या हा निर्णय घेणाऱ्या माणसांनी भोपळ्यापुढे गांगरून जाऊ नये.

उगमाचा धाक धरून विवेक चालवला तर काय होते, हेही आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६मध्ये फर्मान काढून नवख्रिस्ती घरांतल्या बारीकसारीक गोष्टींवर बंदी घातली: दारातली तुळस, मिठाशिवाय शिजवलेला भात, लग्नातले विधी. भातात धर्म शोधला गेला. त्याच गोव्यात शंभराहून अधिक वर्षे आधी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते, पुराणाच्या बाजाचे आणि ओवीत रचलेले. पुढे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने केली. ओवीचा आणि कीर्तनाचा उगम बघत बसले असते, तर मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत देवाशी बोललाच नसता.

तेव्हा माझे मत असे. मुलाने वेश करावा, शेजाऱ्यांच्या दारी जावे, आपल्याही दारातला दिवा लावलेला असावा. ज्या रात्री सगळी गल्ली एकमेकांची दारे ठोठावते, त्या रात्री ख्रिस्ती घरानेच दार लावून बसणे मला पटत नाही. मूल खरोखर घाबरत असेल, किंवा घरातल्या कोणाचे मन त्याला तयार नसेल, तर नको; त्यांच्यावर हसू नये. वेशातही तारतम्य हवे: फाशी गेलेला माणूस, कापलेली मनगटे, ही कोणाच्या तरी घरातली खरी दुःखे आहेत. आणि हेल हाउसबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. ज्या मुलीच्या भावाने जीव दिला आहे, तिला त्या खोलीत उभे करून तो नरकात गेला असे दाखवणे, हे शुभवर्तमान नव्हे. नरकात कोण गेले, हे ठरवण्याचा अधिकार कॅथोलिक चर्चने कोणत्याही मेलेल्या माणसाबाबत कधी घेतलेला नाही. तीन चर्चपैकी सैतानाच्या सर्वांत जवळ मला तेच वाटते.

माझी खंत वेगळीच आहे. वसईत, वांद्र्यात २ नोव्हेंबरच्या आधी दफनभूमीत लगबग असते. क्रूसावरचे शेवाळ काथ्याने घासले जाते, चुना लागतो, नावाची पाटी ओल्या फडक्याने पुसली जाते, झेंडू-शेवंतीचे हार आणि मेणबत्त्यांचे पुडे घेऊन बायका फाटकाशी बसतात. फादर पवित्र पाणी शिंपडत थडग्यांच्या रांगांमधून जातात आणि लहान मुले मेणबत्तीचे ओघळ बोटांनी गोळा करतात. मृत्यूची ओळख मुलांना इथे होते, आजोबांच्या नावासमोर उभे राहून. नगरकडच्या मिशन परंपरेतल्या मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थनेची शिकवण नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनीही त्या दिवशी कबरीशी जाऊन आभाराची प्रार्थना करायला कोणते वचन आड येते? परदेशात गेलेल्या घरांत ३१ तारीख टिकते आणि २ तारीख गळते. सोंग राहते, आजोबा जातात. चर्चने पालकांशी बोलायचे ते याबद्दल बोलावे. पार्किंगमध्ये डिक्या सजवणाऱ्या मंडळीला दोन दिवसांनी त्याच मुलांना घेऊन दफनभूमीत जाणे अवघड नाही.

या संध्याकाळचे काय करता येते, याचा एक नमुना फिलाडेल्फियात झाला. मेरी एमा अ‍ॅलिसन यांना तिथल्या वॅनामेकर दुकानात मुलांच्या दूधभुकटीसाठी पैसे गोळा करणारे युनिसेफचे टेबल दिसले. त्यांनी आणि त्यांचे पती, प्रेस्बिटेरियन पाळक क्लाइड अ‍ॅलिसन, यांनी १९५०च्या हॅलोविनला आपल्या मुलांना आणि शेजारच्या मुलांना वेश घालून दारोदार पाठवले, हातात दुधाचे रिकामे खोके देऊन. त्या रात्री १७ डॉलर जमले. पुढे युनिसेफने तो उपक्रम देशभर नेला, आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली मुले त्यासाठीची नारिंगी पेटी घेऊन आजही फिरतात.